जबाबात तांबडीचं नाव

कल्याणी: कुठली ती, काका?

हौशीराम: कोण?

कल्याणी: जिनं मारलं ती. मला बघायचीय.

हौशीराम: बघून काय करणार हाईस? जनावर हाये ते.

कल्याणी: करणार काय. नुसती बघते. चोवीस दिवस झाले काका. ड्युटीवर जाते, मशीनमधनं तिकिटं काढते, वारूळवाडीला खोलीवर येते, आईच्या डोळ्यांत औषध घालते. जरा पडले की तेच. एकतीस गाया समोर उभ्या असत्यात आणि अण्णांना मारणारी त्यातली कुठली, तेच कळत नाय. म्हणून आले.

हौशीराम: एकतीस न्हाईत आता. एकोणतीस हायेत.

कल्याणी: दोन विकल्या?

हौशीराम: मेल्या.

कल्याणी: कशानं?

हौशीराम: तू बस आधी. त्या पोत्यावर बस. साळुबाई पाण्याला गेलीय, येईल. च्या टाकायला लावतो.

कल्याणी: चहा नको. काका, मला परवा तुमच्या जबाबाची नक्कल मिळाली. वकिलानं काढून दिली, इन्शुरन्सला लागते म्हणून. तोंडपाठ झालाय मला. ‘माझा भागीदार पोपट यास तांबड्या रंगाच्या गाईने शिंगाने ढकलून खाली पाडले व पायाखाली तुडवले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ खाली तुमची सही.

हौशीराम: सही माझीच हाये.

कल्याणी: तांबडी एकच होती या गोठ्यात. माझी. मला वाटलं, अण्णांनी नवीन कुठली आणली असल.

हौशीराम: नवीन न्हाई आणली.

कल्याणी: मी बारावीला होते तेव्हा तिला जन्म देता देता तिची आई मेली. बाटलीनं दूध पाजलंय मी तिला. पुस्तक एका हातात आणि बाटली एका हातात. दोन महिने ती माझ्या मागं मागं शाळेच्या वाटेपर्यंत यायची. ती माणसाला शिंग लावील, हे मला पटवून घेता येत नाय. पण तुम्ही लिहून दिलंय. तुम्ही खोटं कशाला द्याल. म्हणून म्हणलं, एकदा तिच्यापुढं उभं राहू.

हौशीराम: ती बघ. कोपऱ्यात, खांबाला. तुला वळखलं तिनं. कान बघ कसं केलं.

कल्याणी: हे वासरू तिचं?

हौशीराम: तिचंच. कालवड झालीय.

कल्याणी: गोड हाये. केवढी झाली?

हौशीराम: चोवीस दिसांची.

कल्याणी: चोवीस?

हौशीराम: त्याच दिशी येली ती. पहाटं. पोपटनंच सोडवली. हात कोपरापातूर भरलं व्हतं त्याचं, आन मला म्हणला, हौश्या, कालवड हाये, कल्याणीला फोन करून सांगतो सांच्याला.

कल्याणी: काका.

हौशीराम: तुझी ड्युटी असती दिसभर, म्हणून सांच्याला म्हणला.

कल्याणी: काका, माझ्याकडं बघा. येलेली गाय अण्णा पाच दिवस दावणीवरनं सोडत नसायचे. तलाव इथनं अडीच-तीन किलोमीटर. पहाटं येलेली तांबडी त्याच दिवशी तलावावर कशी गेली?

हौशीराम: गेली न्हाई.

कल्याणी: काय?

हौशीराम: तांबडी त्या दिशी घरी व्हती. रानात आलीच न्हाई ती.

कल्याणी: मग अण्णांना कुठल्या गाईनं मारलं?

हौशीराम: कुठल्याच न्हाई. तू बस पोरी. उभ्यानं आईकू नको.

कल्याणी: मी उभीच बरी. सांगा तुम्ही.

हौशीराम: कुठनं सांगू?

कल्याणी: त्या दिवशी सकाळपासनं सांगा.

हौशीराम: तुला गायरानाचं म्हाईतच हाये. साठ एकर. गावाच्या गुरांसाठी ठेवलेलं. तीस वर्सं आमी दोघांनी तिथं गुरं चारली. मला दोन एकराचा तुकडा तरी हाये, पोपटला तेबी न्हाई. तो म्हणायचा, माझा सात-बारा गाईच्या पाठीवर हाये. मग सयाजी आबानं आधी आजूबाजूचं घेतलं, डाळिंबं लावली. मग एका उन्हाळ्यात गायरानाला तारा वढल्या. बोर्ड लावला, संस्थेतर्फे झाडं लावायची म्हणून. झाड एक न्हाई लागलं. गेट मात्र लागलं. आन पाझर तलाव गेटाच्या आत.

कल्याणी: ते सगळं माहितीय मला. अर्ज मीच लिहून द्यायचे अण्णांना.

हौशीराम: तर यंदा चैत्रात वढा आटला. माझ्या हिरीच्या तळाला हातभर पाणी. शेंदून शेंदून एका गाईला एक बादली. पठारावरच्या उन्हात एका बादलीनं गाईचं काय व्हतंय. पोपट जुन्नरला जाऊन जुना नकाशा काढून आला व्हता. त्याच्यात तलावाची वाट दावलीय, बैलगाडीची, पहिल्यापासनंची. घडी घालून खिशात ठेवायचा. त्या दिशी तांबडीचं आवरलं आन म्हणला, आज जाऊ. म्या म्हणलं, आबाची माणसं असत्यात. तो म्हणला, असू दे, नकाशा दावू.

कल्याणी: तुम्ही दोघंच?

हौशीराम: दोघंच. तीस गाया. दहाच्या सुमाराला गेटावर गेलो. गेटाला नुसती साखळी व्हती, कुलूप न्हाई. पोपटनं साखळी काढली. तवर बंधाऱ्यावरनं गाडी आली. आबाची मोठी पांढरी. दोघंजण उतरलं, काठ्या घेऊन. ते गावचं न्हाईत, बाहेरचं, बागेवर राखण ठेवलेलं.

कल्याणी: आणि आबा?

हौशीराम: गाडीत. काच वर करून. एसी चालू व्हता, गाडीखाली पाणी ठिबकत व्हतं. ध्यानात राहिलंय माझ्या. आमची गुरं तहानेली, आन गाडीखाली पाणी ठिबकतंय.

कल्याणी: अण्णांनी शिवी दिली? हात उचलला?

हौशीराम: न्हाई. नकाशा काढला. उलगडत व्हता. पयली काठी हातावर बसली. नकाशा उडाला. मग छातीवर, बरगडीवर. तो वरडलाबी न्हाई. नुसतं हं, हं करत व्हता. वझं उचलताना करतो न माणूस, तसं.

कल्याणी: तुम्ही कुठं होता?

हौशीराम: मागं. साठ-सत्तर पावलं. गुरं धरून.

कल्याणी: गुरं धरून.

हौशीराम: काठी आडवी धरून उभा. पाण्याचा वास लागला व्हता त्यांस्नी. म्या सोडली असती तर धावली असती, आन तो खाली पडला व्हता वाटंत. म्हणून म्या धरून ठेवलं. असं म्या मनाला सांगतो. चोवीस दिस सांगतोय. पण खरं सांगू का, पायच उचललं न्हाईत माझं. बघत राहिलो. सिनेमा बघावा तसं.

कल्याणी: मग?

हौशीराम: मग ती माणसं गाडीत बसली. गाडी गेली. त्यांस्नी वाटलं असल, झालं काम. गेट उघडंच राहिलं. आन ढवळीनं मला ढुशी दिली, बाजूला केलं, आन सगळ्या सुटल्या. तीसच्या तीस. पोपट वाटंत आडवा. म्या डोळं मिटलं. उघडलं तर समद्या पाण्यात. त्याच्या दोनी बाजूनं गेल्या. एकीनंबी त्याच्यावर पाय दिला न्हाई कल्याणी. मातीत बघितलं म्या. खुरांच्या खुणा हिकडनं-तिकडनं, आन मधी तेवढी त्याची जागा सोडलेली. बसतीस का आता?

कल्याणी: पुढं सांगा.

हौशीराम: उठला तो. म्या धरला. म्हणला, काय न्हाई, मुका मार हाये. गाया पिईस्तवर बंधाऱ्यावर बसला. पोटभर प्याल्या. म्हणला, बघ हौश्या, कशा प्याल्या. मग आमी गुरं घेऊन चालत आलो. चालत, सगळी वाट. मधी दोनदा थांबला. म्या म्हणलं, दवाखान्यात जाऊ, मोटरसायकल मागून आणतो. म्हणला, तांबडीला बघू दे आधी. इथं येऊन त्या दावणीला टेकून बसला. जिथं तुझा हात हाये, तिथं. साळुबाईनं च्या दिला. कप हातात धरून ठेवला, प्याला न्हाई. चार वाजायला म्हणला, थंडी वाजतीय. चैत्रात. म्या गोधडी आणायला आत गेलो. आलो तर कप सांडलेला.

कल्याणी: मला फोन पावणेपाचला आला. मी बेल्ह्याच्या गाडीवर होते. फोनवर कुणीतरी म्हणलं, गाईनं तुडवलं.

हौशीराम: आबाचीच माणसं व्हती ती. तवर आली व्हती.

कल्याणी: दुसऱ्या दिवशी मातीला मी आले तेव्हा तुम्ही इथंच बसला होता. मी तुमच्या गळ्यात पडून रडले. तुम्ही एक शब्द बोलला नाय.

हौशीराम: न्हाई बोललो.

कल्याणी: समोरच्या दावणी रिकाम्या होत्या, कोपऱ्यात बघायचं मला सुचलं नाय. मला वाटलं, कुणीतरी चारायला नेल्या असतील.

हौशीराम: कोंडल्या व्हत्या. पोपटला सरकारी दवाखान्यात नेलं, आमी समदी तिकडं, आन हिकडं तांबडी तेवढी सोडून तीस गाया हाकून नेल्या त्यांनी. म्हणं डाळिंबात शिरल्या. बागेमागं पत्र्याचं आवार हाये, त्यात. तीन दिस. ना वैरण ना पाणी. इथं आईकू यायचं हंबरणं. पयल्या दिशी लई, दुसऱ्या दिशी कमी. तिसऱ्या दिशी आवाजच येईना. तवा म्या गेलो. आबा म्हणला, हौशीराम, एक जबाब दे, घेऊन जा गुरं.

कल्याणी: आणि तुम्ही दिला.

हौशीराम: दिला. त्याचा माणूस ठाण्यात संगट आला व्हता. तो सांगत गेला, म्या मान हालवत गेलो. लिवणाऱ्यानं इचारलं, कुठली गाय? म्हंजी रंग कुठला? तिथं त्यो माणूसबी अडला. त्याला काय म्हाईत कुठली. माझ्या तोंडातनं तांबडी गेलं.

कल्याणी: तांबडीच का?

हौशीराम: न्हाई सांगता येत.

कल्याणी: तीस होत्या ना दुसऱ्या. ढवळी, कोसी, कुणीबी. माझीच का?

हौशीराम: त्या तिकडं पत्र्यात पाण्यावाचून पडल्या व्हत्या. त्यांच्यावर आणखी आळ कुठं घ्यायचा. तांबडी घरी व्हती. तिनं केलंच न्हाई हे मला पक्कं म्हाईत व्हतं. म्हणून असल. का कुणाच्या तरी ध्यानात यावं म्हणून. म्या लई इचार केला. मला न्हाई कळत.

कल्याणी: चोवीस दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाय.

हौशीराम: गाईच्या बाळंतपणाचा हिशेब कोण ठेवतंय. गुरं घेऊन आलो. येता येता कोसी बसली वाटंत, उठली न्हाई. म्हातारी भुरी रातच्याला गेली.

कल्याणी: मला तुमचा राग यायला पायजे ना काका.

हौशीराम: यायला पायजे.

कल्याणी: येत नाय. काहीच येत नाय. हाताला मुंग्या आल्या की चिमटा काढला तरी कळत नाय, तसं झालंय सगळं.

हौशीराम: मला जेवणाची चव लागत न्हाई. मिठाची बी न्हाई. साळुबाई म्हणती, डॉक्टरला दाव. डॉक्टर काय जिभेत पोपटला आणून घालणार हाये?

कल्याणी: गाडीचा आवाज येतोय.

हौशीराम: आबाची हाये. कळलं असल त्याला तू आल्याचं. गावातनं फोन गेला असल. तू काय बोलू नको.

सयाजी: बसा, बसा, उठू नका कोणी. हौशीराम, काय गोठा ठेवलायस, पाय ठेवायला जागा नाही. ही पोपटची मुलगी ना? कल्याणी ना तुझं नाव, बेटा? एसटीत आहेस.

कल्याणी: हो. कंडक्टर.

सयाजी: अभिमान वाटतो आम्हाला. आपल्या गावच्या मुली अशा पुढं गेल्या पाहिजेत. तुझे वडील म्हणजे सोन्यासारखा माणूस. आमच्यात थोडे वाद होते, मी नाही म्हणत नाही. वाटेचे, पाण्याचे. गावात ते असायचेच. पण मनात काही नव्हतं. मातीला मला यायचं होतं, त्या दिवशी पुण्यात मीटिंग होती. तुझी ड्युटी लांब पडते का? नारायणगाव डेपोत साहेब ओळखीचे आहेत. हलकी ड्युटी पाहिजे असेल तर सांग, संकोच करू नको.

कल्याणी: नको. चाललंय बरं.

सयाजी: विचार कर. घाई नाही. हौशीराम, मी आलो होतो ते त्या गाईचं बोलायला. माणूस मारलेलं जनावर दारात ठेवू नये. उद्या पोराबाळाला काही झालं तर बोल गावाला लागेल. परवा सोमवार, बेल्ह्याचा बाजार. सकाळी माझा टेम्पो पाठवतो. तू नुसती चढवून दे. बाकी माझी माणसं बघतील.

हौशीराम: कुठली गाय?

सयाजी: कुठली म्हणजे? जबाबात लिहिलीस ती. ही तांबडी ना?

हौशीराम: ती न्हाई जायची.

सयाजी: अरे, वासरू लहान आहे म्हणून म्हणतोस का? वासरासकट घालू.

हौशीराम: न्हाई आबा. तांबडी कुठं न्यायची न्हाई. तिनं काय केलं न्हाई.

सयाजी: हौशीराम, उन्हानं डोकं फिरलंय तुझं. तू स्वतः जबाब दिलायस.

हौशीराम: दिलाय. तो बदलायचा हाये.

सयाजी: मुलीसमोर बोलायच्या गोष्टी नाहीत या. चल, बाहेर चल जरा.

हौशीराम: तिला समदं सांगून झालंय. आता बाहेर जाऊन काय करायचं.

सयाजी: काय सांगितलंस?

हौशीराम: जे झालं ते. काच वर व्हती तेबी.

सयाजी: बरं. मग मीही तुला नीट सांगतो, कारण तू माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस आहेस. जबाब बदललास तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील, आधी खोटं का दिलंस. ते आत घेऊ शकतात तुला. या वयात. कोर्टात तारखा पडतील, चार-पाच वर्षं. माझ्याकडं चांगले वकील आहेत, मला काही त्रास नाही व्हायचा. तुझा मुलगा अमृत माझ्या पिकअपवर आहे. त्याला काय सांगू मी?

हौशीराम: त्याचं तो बघंल. त्याला दोन हात हायेत.

सयाजी: आणि या गुरांना पाणी? विहीर बघितली मी येताना. आठ दिवस पण नाही पुरायची. मी गेट उघडायचा विचार करत होतो. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. तुझ्या गुरांपुरतं. आज तेच सांगायचं होतं खरं तर.

हौशीराम: …

सयाजी: विचार कर. गुरांचा विचार कर. पोपट काही परत येत नाही. पण ही उभी आहेत अजून.

हौशीराम: मागच्या बारीला गुरांचाच इचार केला व्हता आबा. दोन मेल्याच.

सयाजी: तू आत बसलास तर कोण बघणार यांच्याकडं? तुझी बायको?

कल्याणी: मी बघीन.

सयाजी: तुझी नोकरी आहे, बेटा.

कल्याणी: रजा शिल्लक हाये माझी. त्यात निम्म्या गाया माझ्या आईच्या हायेत. आणि तुम्ही मला बेटा म्हणू नका.

सयाजी: ठीक आहे. वडिलांसारखंच बोलतेस. हौशीराम, संध्याकाळपर्यंत वेळ आहे तुला. फोन कर. नाही केलास तर मी समजायचं ते समजेन.

हौशीराम: फोनमधी बॅलन्स न्हाई माझ्या.

सयाजी: येतो मी.

कल्याणी: गेला.

हौशीराम: जाऊ दे.

कल्याणी: घाबरला होता का तो, काका?

हौशीराम: न्हाई. तो कशाला घाबरंल. मीबी न्हाई घाबरलो, त्याचंच नवल वाटतंय. त्या दिशी लई घाबरलो व्हतो. आज काय आत हाललंच न्हाई. मोकळ्या डब्यासारखं.

कल्याणी: गेटाचं बोलला तेव्हा तुम्ही गप्प झाला. मला वाटलं, ऐकताय.

हौशीराम: आईकतच व्हतो. सकाळी एक तास, सांच्याला एक तास. येवढं पाणी लई झालं गुरांना. पोपटनं येवढंच मागितलं व्हतं.

कल्याणी: तुम्हाला हो म्हणायचं असलं तर म्हणा. मी काय बोलणार नाय. खरं सांगते. अण्णा गेले. गाया जगल्या पायजेत, हेपण खरं हाये.

हौशीराम: त्यानं ते सांगायच्या आदी टेम्पो पाठवतो म्हणला. आदी तांबडीला न्यायचं बोलला. तिनं काय केलंय त्याचं? खोटं नाव आपण लावायचं आन खोट्याखातर तिला कसायाच्या दारात उभी करायची. बाजारातनं ती कुठं जाती, मला काय म्हाईत न्हाई? तिथं मला वाटलं, बास झालं.

कल्याणी: मग जायचं?

हौशीराम: कुठं?

कल्याणी: जुन्नरला. मोठ्या साहेबांकडं. इथल्या ठाण्यात नको. साडेअकराची गाडी हाये फाट्यावरनं, मला वेळ पाठ हाये. आज शनिवार, साहेब असतील का माहीत नाय. नसले तर बसून राहू.

हौशीराम: टोपी घेतो. साळुबाई आली की तिला सांगायला लागंल.

कल्याणी: काकू आल्यात. मघापासनं दाराच्या मागं उभ्या हायेत. हंडा खाली ठेवला नाय अजून.

हौशीराम: साळू, म्या जुन्नरला चाललो. सांच्याला न्हाई आलो तर अमृतला वैरण टाकायला सांग. आन पिकअपची चावी आजच देऊन ये म्हणावं, उद्यापातूर ठेवू नको.

कल्याणी: काकू खुंटीकडं बघतायत.

हौशीराम: तिनं टोपी धुऊन ठेवली व्हती. कवाची. खुंटीवर दिसती बघ.

(जुन्नर एसटी स्टँड. दुपारचे चार वाजून गेलेत.)

कल्याणी: अडीच तास आत होता तुम्ही. मला वाटलं, ठेवूनच घेतलं.

हौशीराम: साहेब बाहेर गेलं व्हतं. ते आल्यावर लिवायला बसले. तरणा हाये साहेब. आपल्या हिकडचा न्हाई, इदर्भातला असल बोलण्यावरनं.

कल्याणी: आधी काय विचारलं?

हौशीराम: आबा म्हणला तेच. पयल्यांदा खोटं का बोललात?

कल्याणी: तुम्ही काय म्हणला?

हौशीराम: गाया तहानेल्या व्हत्या म्हणलं.

कल्याणी: मग?

हौशीराम: मग त्यांनी पेन ठेवला. म्हणलं, सुरुवातीपासनं सांगा. सांगितलं. पोपटचं, काठीचं, नकाशाचं. माझं पाय उचललं न्हाईत तेबी सांगितलं. ते म्हणलं, याची गरज न्हाई जबाबात. म्या म्हणलं, असू दे, लिवा.

कल्याणी: लिहिलं?

हौशीराम: लिवलं. दोनदा वाचून दावलं. तांबडी त्या दिशी पहाटं येली व्हती, हेबी लिवलं. गुरांच्या डॉक्टरला पाठवून कालवडीचं वय बघू म्हणलं. आन तुझाबी जबाब घेणार हायेत, तू बौद्ध समाजाची म्हणून कायतरी वेगळं कलम लागतं, त्याचं तुला सांगतील.

कल्याणी: अॅट्रॉसिटी. माहितीय मला. आणि तुमच्यावर?

हौशीराम: खोट्या जबाबाचा गुन्हा माझ्यावर लागंल म्हणलं. वकील बघा म्हणलं.

कल्याणी: तुम्ही काय म्हणला?

हौशीराम: बरं म्हणलं.

कल्याणी: घ्या, भजी खा. सकाळपासनं काय नाय पोटात तुमच्या.

हौशीराम: तू खा. मला नगं.

कल्याणी: काका, आत असताना तो नकाशा त्यांनी विचारला का?

हौशीराम: इचारला. म्या म्हणलं, उडाला वाऱ्यानं, सापडला न्हाई. ते म्हणलं, रेकॉर्डला असतो, नवा निघंल.

कल्याणी: मी काढते सोमवारी.

हौशीराम: सोमवारी नगं. सोमवारी पंचनामा हाये. साहेब सोताच येणार हायेत तलावावर. कुठं पोपट पडला, कुठं गाडी व्हती, कुठनं किती पावलं, समदं मोजणार. मला दावायला बोलावलंय. दहा वाजता.

कल्याणी: गेट बंद असल. आबा उघडणार नाय.

हौशीराम: सरकारी पंचनाम्याला उघडावंच लागतं म्हणलं साहेब. फीत टाकून मोजायचं म्हंजी दोन-तीन तास तरी जातील.

कल्याणी: मग मी पण येते. किती वाजता निघायचं आपण?

हौशीराम: गाया घेऊन चालायचं म्हंजी आठला तरी निघावं लागंल.

कल्याणी: गाया?

हौशीराम: मोजू दे त्यांना. तवर त्या पिऊन घेतील.